नजर ठेवली की न अडखळणारी पेटी

त्या मंगळवारी दुपारी मी कीबोर्डवरची ती टोकदार खूण, शाळेत मोठं-लहान दाखवायला शिकवतात ती, दोनदा दाबायच्या ऐवजी एकदा दाबली, एंटर मारलं आणि कॅन्टीनला चहा प्यायला गेलो. चहा बरा होता. सोबत खारी खाल्ली. तीन आठवड्यांचं काम आपण आत्ताच पुसून आलोय हे ठाऊक नसल्यामुळे दुसरीही खाल्ली.

काम काय होतं ते सांगतो. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना सांगतो तसंच सांगतो, कारण ते एकदा माझ्या सासऱ्यांनाही कळलं होतं, निदान ते तसं म्हणाले होते.

रोह्याजवळ धाटावच्या एका रसायन कारखान्यात कंट्रोल रूमच्या भिंतीवर आमची एक पेटी बसवलेली होती. आमची म्हणजे आमच्या कंपनीची, आणि कंपनी म्हणजे रोह्याला बाजारामागच्या दोन खोल्या, एक मालक, जोडणीला दोन माणसं आणि मी. मी पेणहून सकाळच्या गाडीने जायचो. पेटीचं काम साधं. रिॲक्टरचं तापमान आणि दाब दर सेकंदाला घ्यायचा आणि कारखान्याच्या मोठ्या कॉम्प्युटरला पाठवायचा. तिच्या आतलं सगळं सॉफ्टवेअर माझं, बारा वर्षांचं. माझा मुलगा आठवीत होता तेव्हापासूनचं. तो आता पुण्याला नोकरी करतो आणि माझं सॉफ्टवेअर ऐकून फक्त हसतो.

ही पेटी दहा-बारा दिवसांतून एकदा अडखळायची. दीड-दोन मिनिटं गप्प, मग आपोआप पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. पण तेवढ्या वेळापुरता आलेख कोरा राहायचा, आणि रसायन कारखान्यात कोरा आलेख कुणालाच आवडत नाही.

मालकांनी मला समोर बसवून सांगितलं, "मे महिन्यात त्यांचं शटडाऊन आहे, दुरुस्तीला कारखाना बंद. तोपर्यंत कारण लिहून दिलं तर पेटी राहील, नाहीतर ते दुसरी बसवणार. आणि ही गेली की बाकीचेही विचारायला लागतील. मग मला हे चालवण्यात अर्थ नाही. माझंही वय झालं."

माझंही झालं होतं. त्रेपन्न. रोह्याला किंवा पेणला दुसरं कोण मला ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात हात घालायचं काम देणार होतं? आमच्या गल्लीत गणपतीचे कारखाने आहेत, तिथे बाराही महिने माणसं लागतात, पण मला सोंडेला हात लावू देतील असं वाटत नाही. एकदा बायकोच्या आग्रहाने घरची मूर्ती मी रंगवली होती. त्या वर्षी पाहुण्यांनी प्रसादाचं तेवढं कौतुक केलं.

तर, कारण शोधायचं होतं. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला आम्ही कर्नेल म्हणतो, त्याच्यात हजारो छोटी छोटी फंक्शनं असतात. एकेक म्हणजे एकेक कामकरी. एक तारेवरून आलेला आकडा उचलतो, एक तो साठवतो, एक दुसऱ्याला उठवतो, एक कुणाची तरी वाट बघत बसतो. कोणी कधी काम केलं याची नोंद ठेवायची सोय कर्नेलमध्येच आहे. पण सगळ्यांचीच नोंद मागितली तर आमच्यासारखी छोटी पेटी लिहिता लिहिताच दमून जाते आणि मूळ काम बाजूला राहतं. म्हणून तिला यादी द्यायची, की बाई, फक्त एवढ्यांवरच लक्ष ठेव. ही यादी म्हणजे फिल्टर. यादीत नाव घालताना ती टोकदार खूण दोनदा दिली तर नाव शेवटी जोडलं जातं. एकदा दिली तर आधीची सगळी यादी पुसली जाते आणि हे एकच नाव उरतं. पेटी विचारतही नाही, नक्की ना? माझ्या बहिणीच्या लग्नात आमंत्रणाची यादी वडील वाढवायचे आणि आई खोडायची. पण एक आतेभाऊ वाढवला म्हणून बाकीचं अख्खं गणगोत गळालं असं काही झालं नव्हतं.

माझी यादी मी तीन आठवडे जमवत होतो. ज्याच्यावर संशय, त्याचं नाव. ज्याच्यावरचा गेला, ते काढून टाकायचं. त्या मंगळवारी एकच नाव वाढवायचं होतं, घड्याळाशी संबंधित एका गरीब फंक्शनचं. पेटी अडखळली की नोंद तिथल्या तिथे थांबवायची व्यवस्थाही मी करून ठेवली होती, म्हणजे नंतर आरामात बसून वाचता येईल.

शनिवारी कंट्रोल रूममधल्या पॅनेल ऑपरेटरचा फोन आला. हा गडब गावचा. घरची भातशेती सांभाळून शिफ्ट करणारा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मला साहेब म्हणायचा आणि त्या साहेबमध्ये थोडी मजा घ्यायचा.

"साहेब, तुमची पेटी निजली होती. आता उठली हाय."

"किती वेळ?"

"दोन मिनटं. काय बी नाय त्या टायमाला. या बघायला."

मी आनंदाने गेलो. खोटं कशाला सांगू, गुणगुणत गेलो. नोंद उघडली. पानंच्या पानं ते एकच घड्याळवालं फंक्शन. आलं, हजेरी लावली, गेलं. आलं, हजेरी लावली, गेलं. मध्ये दोन मिनिटांची मोकळी जागा. पुन्हा आलं, हजेरी लावली, गेलं. बाकी कुणाचा पत्ता नाही. मी यादी उघडून पाहिली तर यादीत एकच नाव. खुर्चीत किती वेळ तसाच बसलो होतो माहीत नाही, पण ऑपरेटरने पाण्याचा ग्लास आणून ठेवला, त्यावरून बराच वेळ असणार.

घरी लगेच सांगितलं नाही. रविवारी सांगितलं. बायको शाळेत शिकवते, गणित. पुढ्यात वह्यांचा गठ्ठा होता.

"म्हणजे ही खूण?" तिने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवली.

"तीच. दोनदा हवी होती."

"तिसरीतली पोरं हिच्यातच चुकतात. पण ती निदान शाळा सुटायच्या आत कबूल करतात. तुम्ही शनिवारचं आज सांगताय." मग वही मिटून म्हणाली, "यादी दुसरीकडे उतरवून नव्हती ठेवली?"

"ठेवणार होतो."

"अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही ठेवणारच आहात."

गाडीत बसून डायरीत थोडी नावं टिपली होती, बाकीची आठवून आठवून लिहिली. यादी पुन्हा उभी राहिली, आणि यावेळी तिच्या दोन प्रती काढल्या. लॅपटॉपच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, दोन.

ऑपरेटर वाकून बघत म्हणाला, "दोन काय साहेब? पोरं?"

"पोरगा एकच आहे."

"मग लिवून काय उपेग आता."

दहा दिवस गेले, काही झालं नाही. बारा गेले. पंधरा. मी रोज सकाळी गाडीतून उतरलो की आधी ऑपरेटरला फोन करायचो आणि तो म्हणायचा, "हाय, चालू हाय. नाय निजली." विसाव्या दिवशी मालक म्हणाले, गेला वाटतं तो दोष. मलाही तसं वाटायला लागलं. माझ्या हातून नकळत काहीतरी दुरुस्त झालं असावं अशी मी मनाची समजूत घातली. तसंही आयुष्यात मी जे काही दुरुस्त केलंय त्यातलं बरंच तसंच झालंय. मी नोंद बंद केली, यादी काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी पेटी अडखळली.

यादी पुन्हा घातली. पुन्हा दोन आठवडे ठणठणीत. काढली, चार दिवसांत निजली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडल्याचा मला अजिबात आनंद झाला नाही. नोंद ठेवायला कर्नेलला थोडा वेळ लागतो, अगदी कणभर, पण प्रत्येक फंक्शनमागे लागतो. तेवढ्याने आतल्या कामकऱ्यांची चाल किंचित संथ होते. आणि दोष असा होता की दोघं एकाच दाराशी अगदी एकाच क्षणी पोचले तरच अडकायचे. चाल संथ झाली की एक जण जरा मागे राहायचा आणि दोघंही सुखरूप पार व्हायचे. म्हणजे मी बघत असलो की दोष यायचा नाही, आणि आला की मी बघत नसायचो. त्या मंगळवारी माझ्या चुकीने यादीत एकच नाव उरलं होतं, म्हणूनच तेवढी एकदा पेटी नोंद चालू असताना अडखळली. चूक केली नसती तर तेही दिसलं नसतं. ही गोष्ट मी अजून कुणाला हसत सांगू शकलेलो नाही.

मग यादी अर्धी करायची, वाट बघायची. अडखळली तर नोंद वाचायची, नाही तर यादी आणखी अर्धी. पण प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस लागायचे, आणि मे समोर दिसत होता. एप्रिलच्या शेवटी एकदा अर्ध्याची अर्धी यादी असताना ती अडखळली. नोंद उघडली. त्या नोंदीत ते दोघं नव्हते. ते मी नेमके दुसऱ्या अर्ध्यात टाकून दिले असणार.

ऑपरेटर माझ्या बाजूला उभा होता. म्हणाला, "साहेब, ती पूर्ण यादी घातली की नाय निजत, व्हय ना?"

"नाही निजत."

"मग ऱ्हाऊ द्या की घालून. कायमची. काय बिघडतं?"

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि लाज वाटली होती. पण आता लाजेला फार जागा उरली नव्हती. रोह्याला जाऊन मालकांना सांगितलं. ते कारखान्यात फोन करायला बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांचं हो, हो, नाही, हो एवढंच ऐकू येत होतं.

आत येऊन म्हणाले, "ते म्हणतात, कारण काय लिहू? पेटीवर कुणीतरी नजर ठेवली की पेटी नीट चालते, हे कारण होत नाही. त्यांच्या तपासणीवाल्यांपुढे ठेवता येणार नाही. आणि यादी चालू असली की आकडे मधूनमधून उशिरा पोचतात, तेही त्यांना दिसलंय." मग म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं."

बरोबरच होतं. मीही तेच म्हणालो असतो.

शटडाऊनच्या पहिल्या दिवशी पेटी काढायला मीच गेलो. कारखाना इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. बाहेर बस उभ्या होत्या, पण शिफ्ट उतरत नव्हती. ऑपरेटरने स्क्रू सोडवायला मदत केली. भिंतीवर पेटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला, आजूबाजूला बारा वर्षांचा पिवळेपणा.

"चांगली व्हती साहेब," तो म्हणाला. "निजायची, पन खोटं कदी बोलली नाय."

मी म्हटलं, तुम्ही आता शेतावर जाणार? तो म्हणाला, शटडाऊन हाय तवर रोपांच्या जागंवर पालापाचोळ्याचा राब भाजून घेतो, नाय तर पेरणीला उशीर होतो. पेटी उचलून तो गेटपर्यंत आला. गेटवर तिची पावती फाडावी लागली. पावतीवर कारणाचा एक रकाना होता. रखवालदाराने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, जुनी. त्याने लिहिलं, जुनी.

पेटी मी रोह्याच्या खोलीत टेबलावर ठेवून चालू केली. कारखान्याचं वातावरण नाही, तारांवर खरे आकडे नाहीत. ती काही अडखळली नाही. यादी घालून, काढून, अर्धी करून, सगळं करून पाहिलं. आठवडाभर मी तिच्यासमोर बसलो होतो आणि ती नीट चालत होती, आणि त्या आठवड्यात मला जेवढं निराश वाटलं तेवढं तिच्या एकाही झोपेने कधी वाटलं नव्हतं. ते दोघं आत कुठेतरी होते. नावानिशी माहीत असलेल्या हजारोंपैकी कुणीतरी दोघं. मी त्यांच्याइतक्या जवळ पुन्हा जाणार नव्हतो.

शुक्रवारी मालक आले, समोर बसले, आणि पेटीचा प्लग त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. रागाने नाही. म्हणाले, "पुरे करा. महिनाअखेरीला खोल्या सोडतोय. तुम्ही सोमवारपासून नाही आलात तरी चालेल." जोडणीवाल्या दोघांशी ते आधीच बोलले होते. मी डायरी आणि चार्जर पिशवीत टाकला. लॅपटॉप कंपनीचा होता, तो तिथेच राहिला.

संध्याकाळच्या गाडीने पेणला आलो. बायको स्वयंपाकघरात माठाची भाजी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, तिने न विचारलेलंही सगळं सांगितलं, मालक काय म्हणाले, मी काय म्हणालो नाही. ती देठ मोडत राहिली. भाजी संपल्यावर तिने पाटावरचे देठ गोळा केले, हात धुतले, पदराला पुसले.

मग म्हणाली, "सुट्टी संपून शाळा उघडली की डबा माझा एकटीचाच करू, की तुमचाही भरून ठेवू? घरी बसून खाल."