बॅटरीमामांची भीती

बॅटरीमामा भर दुपारी बारा वाजता बॅटरी लावून हिंडायचे. बाहेर दौलताबादच्या रस्त्यावर डांबर वितळतंय, किल्ल्याकडे मान वर करून बघवत नाही, आणि आमच्या जाळीच्या शेडमध्ये हा उंच, वाळलेला माणूस कमरेत वाकून कुंड्यांच्या बुडाखाली उजेड टाकत चाललेला. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नसावं. दिसायचं त्यांना चांगलं. ते गोगलगाय शोधत असायचे, आणि ती सापडेल या भीतीने त्यांचा हात कापत असायचा.

मी संभाजीनगरातली नोकरी सोडून ऑर्किडं लावायला निघाले तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. आमच्याकडच्या उन्हात हे दमट हवेचं लाडावलेलं झाड जगायचं कसं? पण हिरवी जाळी, पाण्याचे बारीक फवारे आणि नारळाची सोडणं यांच्या जोरावर ते जगलं. आणि त्याच ओलाव्यावर गोगलगायी माझ्याहून जास्त सुखाने जगल्या. काही शंखवाल्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. काही बिनशंखाच्या, नुसता काळपट चिकट जीव. वर्षभर वाट बघून फुलाचा दांडा यावा, आणि सकाळी बघावं तर कळ्यांना भोकं, मुळांची हिरवी टोकं कुरतडलेली, पानावर वाळलेली चकचकीत रेघ. ती रेघ दिसली की मामा इतक्या हळू आवाजात "येऊन गेली" म्हणायचे की माझ्याही अंगावर काटा यायचा.

या भीतीमागे कारण होतं. मामा कन्नडकडचे मेंढपाळ. एका पावसाळ्यात त्यांची मेंढरं तळ्याकाठच्या गवतावर चरली, आणि दिवाळीपर्यंत एकेक करून बसली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, डोळे पांढरे पडायचे, आणि मेंढरू उठायचंच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोगलगायीतून किडा येतो, गवताला चिकटतो आणि मेंढराचं काळीज खातो. पिढ्यान्‌पिढ्या वाघ-लांडग्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला पायाखालच्या या जिवाने रिकामं केलं. मेंढरांचं वाडगं ओस पडलं. उरलं एक पिलू, भोरी. तिला घेऊनच ते माझ्याकडे कामाला आले. मी म्हणायचे, "अहो मामा, ती तळ्यातली जात वेगळी, ही कुंडीतली वेगळी." ते म्हणायचे, "चाल तीच हाय ना, ताई? मंग?"

त्यांची पद्धत सगळी हातांची. बाहेरून आलेली प्रत्येक कुंडी ते काठापर्यंत पाण्यात बुडवून ठेवायचे आणि समोर उकिडवे बसायचे. अर्ध्या तासात एकेक गोगलगाय जीव वाचवायला वर चढून यायची, की मामांचा चिमटा तयार. फुलाच्या दांड्याला बुडाशी ते गंगापूरकडच्या सरकीसकट कापसाचं कडं गुंडाळायचे. त्या तंतूंवरून तिला सरकता येत नाही. हे सगळं झालं की राखेने हात धुवायचे आणि थेट शेडच्या मागे जाऊन भोरीच्या जबड्याखाली बोटं फिरवायचे. पिशवी नाही ना, हे बघायला. दिवसातून चार वेळा. धडधाकट, लोळण घेणाऱ्या मेंढीचा जबडा! मी चिडवायचे, "मामा, अशानं तिला गुदगुल्यांची सवय लागेल." ते हसायचे, पण बोटं काढायचे नाहीत. "भ्यावं, ताई," एवढंच म्हणायचे. "आपलं जे हाय त्येच्यासाठी भ्यावं मानसानं."

माझी सई तेव्हा तीन वर्षांची. तिचे बाबा नोकरीला पुण्यात, मी कुंड्यांत, म्हणून ती भोरीच्या गळ्यात पडून वाढली. मामांचं बघून तीही तिच्या जबड्याखाली हात घालायची आणि गंभीर तोंडाने "नाय" असं जाहीर करायची.

त्या श्रावणात आठ दिवस झडीचा पाऊस लागला. शेडमध्ये पहिल्यांदाच एका वेळी शंभरेक दांड्यांना कळ्या होत्या, आणि रोज सकाळी पाच-सात दांडे बोडके. मी वैतागून दुकानातून गोगलगायीच्या विषारी गोळ्या आणल्या. हिरव्या, बारीक शेवेच्या तुकड्यांसारख्या. मामांनी पुडा उघडून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरले.

"ह्येला कोंड्याचा वास यायलाय, ताई."

"गोगलगायींना आवडतो म्हणून असतो तो."

"कोंडा काय यकट्या गोगलगायीलाच आवडतो व्हय?" असं म्हणून त्यांनी पुडा आढ्याला, माझा हात पुरणार नाही इतक्या वर खोचला. मला राग आला. माझी शेड, माझी झाडं, आणि पुडा ठेवायचा कुठे ते हे ठरवणार!

रविवारी ते लेकीकडे कन्नडला गेले. संध्याकाळी मी स्टुलावर चढून पुडा काढला, चार बशा भरून कुंड्यांमध्ये ठेवल्या आणि जाळीचं दार नुसतं लोटून घेतलं. कडी लावली नाही. ती कडी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सकाळी चहा ठेवला आणि सई दिसेना. शेडमध्ये धावले. सई जमिनीवर बसलेली, मांडीवर रिकामी बशी, बोटं हिरवी. शेजारी दावं सोडलेली भोरी, ओठ चाटत. दुसरी बशी रिकामी. तिसरी, चौथीही. मी सईला विचारलं, "तू खाल्लंस? बाळा, तू खाल्लंस का?" ती माझ्या आवाजाला घाबरून रडायला लागली. कधी मान हो म्हणून हलवी, कधी नाही म्हणून. मेंढीला तर विचारायचीही सोय नव्हती.

पहिल्या एसटीतून उतरलेले मामा तेवढ्यात आले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. त्यांनी मला बाजूला सारलं. सईच्या तोंडात बोट फिरवलं, वास घेतला. "वास येत नाय. पर माज्या नाकाच्या भरवशावर ऱ्हाऊ नका. दवाखाना गाठा." तिला उचलून ते रस्त्यावर धावले आणि येणाऱ्या जीपसमोर हात पसरून उभेच राहिले. आम्हाला बसवून, उरलेला पुडा डॉक्टरांना दाखवायला माझ्या हातात देऊन ते मागे फिरले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खाल्लं असेल तर काही तासांत अंगाला कंप सुटेल, लक्ष ठेवा. मी ते मामांना फोनवर सांगितलं आणि लक्ष ठेवलं. पंख्याचा वारा अंगावर आला तरी सईच्या दंडावरचे केस थरथरायचे आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं. तिला झोप आली तर भीती, ती उठली तर भीती. तिचा हात मी धरला होता, पण हलत होता तो माझा की तिचा, तेही कळेना. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नाही.

दहाच्या पुढे मामांचा फोन आला. फोनवर ते नेहमी ओरडून बोलत. तसेच ओरडले, "ताई! भिऊ नका! भोरी थरथरायली. हिरवा फेस यायलाय तोंडातून, दातात बी हिरवंच. समदं हिनंच खाल्लंय. लेकराच्या वाट्याला काय नाय आलं!"

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण दुसरं काहीच वाटलं नाही. संध्याकाळी सईने बिस्कीट मागितलं. त्याच सुमाराला जनावरांच्या डॉक्टरांचे उपाय थकले आणि भोरी गेली.

मी माफी मागितली. नवी मेंढी आणून देते म्हटलं. ते म्हणाले, "नको, ताई. आता नव्यानं भ्यायचं वय नाय." काम त्यांनी पूर्वीसारखंच केलं. कुंड्या बुडवल्या, कापूस गुंडाळला. पण दुपारची बॅटरी बंद झाली. गोगलगाय सापडली तरी त्यांचा हात कापेना. पानावरची रेघ दिसली तर बोटाने पुसून पुढे जायचे. त्यांचा तो स्थिर हात बघून मला रडू यायचं. आता दुपारी बॅटरी मी लावते, आणि झोपलेल्या सईच्या हनुवटीखाली उगाच बोटं फिरवते.

दिवाळीच्या आधी ते कायमचे लेकीकडे निघाले. रस्त्याकडेला पिशवी पायाशी घेऊन आम्ही कन्नडच्या गाडीची वाट बघत होतो. मी न राहवून विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही मला शिव्या का नाही दिल्या?"

ते म्हणाले, "शिव्या द्यायला सुदच कुठं हुती? तुमची जीप गेली अन् मी भोरीम्होरं बसलो. दोघींतल्या एकीनं खाल्लंय, येवढंच ठावं हुतं. हात जोडले, ताई, तिलाच. म्हनलं, थरथर बाई. लवकर थरथर."