प्रसन्न गोसावींचं फेकणं

प्रसन्न गोसावींची पंचाईत अशी, की त्यांचा धंदाच बॉल फेकण्याचा, आणि तसं मराठीत सांगायला गेलं की लोकांना थापच वाटते.

जळगावला कॉलेजात असताना एका पंचांनी त्यांची गोलंदाजी बंद पाडली. "हा बॉल टाकत नाही, फेकतो," म्हणाले. पोरगा रडकुंडीला आला. तेव्हा तिथल्याच एका क्रीडाशिक्षकांनी त्याला बेसबॉलच्या मैदानावर नेऊन सांगितलं, "इथे फेक मनसोक्त." त्याने फेकलं. आधी राज्याच्या संघात, मग देशाच्या, आणि शेवटी जपानमधल्या एका लहानशा व्यावसायिक संघात. चांगला पगारी खेळाडू! पुढे खांदा गेला आणि खेळ सुटला.

२०१५ मध्ये पत्नी अनघाला सिंगापूरमध्ये तांजोंग पगारला नोकरी लागली, आणि गोसावी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये घर आणि मुलीची शाळा सांभाळू लागले. गणपतीत कोणीतरी विचारायचंच, तुम्ही काय करता? हा भला माणूस खरं सांगायचा.

"जपानमध्ये बेसबॉल? गोसावी, फेकताय!" शेजारचा दिलीप म्हणायचा, आणि सगळे खो खो हसायचे. गोसावीही हसायचे. पण हसणाऱ्यांत त्यांची बारा वर्षांची भार्गवीही असायची, ते मात्र जिव्हारी लागायचं. जगाने थापाड्या म्हटलं तर म्हणो, पोरीने म्हणू नये.

मैत्रिणींच्या नादाने तीही बेसबॉल खेळू लागली. फलंदाजाच्या मागे बसून बॉल झेलायची. एका शनिवारी क्लबने पालकांना खेळायला बोलावलं.

"बाबा, डोन्ट प्ले लाह! सो एम्बॅरसिंग!"

तरी गोसावी उतरलेच, आणि झेलायला समोर भार्गवीच बसली. पहिला बॉल तिच्या अलीकडेच आपटला. दुसरा डोक्यावरून गेला. पालकांनी समजूत काढल्यासारख्या टाळ्या वाजवल्या, त्याने तर बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग गोसावींनी दात-ओठ खाऊन तिसरा फेकला. तो तिच्या ग्लोव्हमध्ये असा धाडकन बसला, की पोरगी मागे कोलमडली. आता मात्र खऱ्या टाळ्या सुरू झाल्या.

भार्गवी बॉल घेऊन चालत आली. गोसावींनी हसून हात पुढे केला, पण तिने बॉल पाठीमागे लपवला.

"नको आता. खांदा दुखतोय ना?"

गोसावींनी मान डोलावली.

"घरी जाऊन आइस लावू," ती म्हणाली. "आणि उद्यापासून मला शिकवायचं."