पहिल्याच खेळीत शह

वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. कचेरीत साहेबांनी अन्यायाचा शेरा मारला तरी मी तो मान खाली घालून वाचला आहे, आणि चूक कदाचित आपलीच असेल अशी स्वतःची समजूत घातली आहे. पन्नाशी उलटल्यावर मागे पाहताना अशा कितीतरी गप्प बसण्यांचा पश्चात्ताप होतो. मात्र एका प्रसंगी मी गप्प बसलो नाही, आणि त्याबद्दल कुणाचीही क्षमा मागण्याची माझी तयारी तेव्हा नव्हती, आजही नाही. प्रसंग बुद्धिबळाच्या एका कोड्याचा आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे होती. डोंबिवलीत एका चाळीच्या वरच्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड होते. गॅलरीत उभे राहिले की भातखाचरांपलीकडे ठाकुर्लीच्या वीजघराचा धूर दिसे. मी ठाण्याला एका कचेरीत कारकून होतो. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात आमचे बुद्धिबळ मंडळ भरे, आणि कल्याणहूनही काही मंडळी येत. खेळाडू म्हणून मी अगदी सामान्य. समोरच्या माणसाचा डाव मोडताना मला संकोच वाटे. कोडे रचताना समोर कुणी नसते. दोन्ही बाजू आपल्याच असतात, आणि कुणाचे मन न दुखवता राजाला कोंडता येते. मला वाटते, त्या वेडाचे मूळ हेच असावे.

दर गणेशोत्सवात मंडळ मंडपात एक कोडे मांडीत असे. भिंतीवर मोठा पट, त्यावर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, आणि खाली उत्तरे टाकायला पेटी. त्या वर्षी कोडे माझे लागायचे ठरले होते. लाल प्याद्याने पाच खेळ्यांत हिरव्या राजावर मात करायची होती. जाणत्यांना सांगायला नको, पण आमच्या देशी खेळात प्याद्याने मात करण्यासारखा दुसरा मान नाही. वजिराने मात झालेला माणूस दुसरा डाव मांडतो. प्याद्याने मात झालेला चार दिवस पारावर फिरकत नाही. कोकणात वडिलांच्या मित्रांकडून मी हाच खेळ शिकलो होतो. पावसाळाभर मी ते कोडे घडवत होतो.

मंडळाचे चिटणीस माझ्याच वयाचे होते, पण परदेशी मासिके मागवून वाचणारे. यापुढे मंडळात सर्व काही विलायती नियमांनी चालेल, असे त्यांनी त्या वर्षी जाहीर केले होते. माझा पट पाहून ते हसले.

"मात ती मात. हत्तीने केली काय नि प्याद्याने केली काय! तुमचा हत्ती इथे दुसऱ्याच खेळीत मात करतोय. मग ही पाच खेळ्यांची वरात कशाला?"

"प्याद्याने करायची आहे म्हणून."

"पण का?"

"अहो, नवसाचं प्यादं आहे त्यांचं," कल्याणचे एक वकील म्हणाले, आणि वर्ग हसला. मीही हसलो. माझी तीच सवय होती.

तरी मी म्हणालो, "हे कोडे देशी आहे. ते देशी नियमांनीच पाहायला हवे."

चिटणीसांनी थोडा वेळ पटाकडे पाहिले. मग हिरवा राजा उचलला, अडीच घरे उडवून पलीकडे ठेवला आणि म्हणाले, "देशी तर देशी. मग ही उडी विसरलात का?"

देशी खेळात राजाला एक सवलत आहे. जोवर त्याला एकदाही शह बसलेला नाही, तोवर तो एकदाच घोड्यासारखी उडी मारू शकतो. माझ्या राजाला शह बसलेलाच नव्हता. उडी शाबूत होती, आणि त्या एका उडीसरशी माझा पावसाळा वाहून गेला.

"मीही लहानपणी लाल-हिरव्यातच शिकलोय," चिटणीस हलकेच म्हणाले. "आता ऐका माझं. विलायती नियमांत उडी नाही. हत्तीची मात दोन खेळ्यांत ठेवा, छान कोडं आहे. तुमच्या नावासकट लावतो. नाहीतर यंदा माझंच लावावं लागेल."

ते दुष्टाव्याने बोलत नव्हते. म्हणूनच मला घरी येईपर्यंत जड गेले. चूक उघड होती, आणि तिची मुळे माझ्यात होती. चिटणीसांकडून मासिके मागून आणून मीही वर्षभर त्यांतली कोडी सोडवत होतो. राजा उडी मारत नाही, हे माझ्या नजरेत मुरले होते. तोंडाने देशीचा अभिमान सांगत मी कोडे रचले होते विलायती डोळ्याने.

जेवताना पत्नीने विचारले, "काय हो, मेला का एकदाचा तुमचा राजा?"

"उडी मारून पळाला."

"मग बांधा त्याला."

बांधायचा कसा, हे मला वर्गातच सुचले होते. आरंभीच दूरच्या हत्तीने शह द्यायचा. शह बसला की उडी गेली. नंतर प्याद्याची वाट मोकळी, फक्त एक खेळी वाढते. पण कोड्याची पहिली खेळी शहाची असणे हे त्या मासिकांत गावठीपणाचे लक्षण मानत. पहिली खेळी निमूट, कुणाच्या ध्यानात न येणारी हवी. मलाही शहाने सुरुवात करायची लाज वाटत होती. ते मी तिला सांगितले.

"गावठी म्हणतील?" ताकाची वाटी पुढे सरकवत ती म्हणाली. "मग आपण कुठले आहोत?"

मी ताक प्यायलो, आणि जेवण आटोपताच पट मांडला. हत्ती एका टोकाला नेला, एक उंट काढला, एक प्यादे वाढवले. आठवडाभर मी ते कोडे उलटसुलट तपासले. या खेपेस प्रत्येक वेळी आधी उडी पाहिली.

पुढच्या रविवारी मी ते वर्गात मांडले. लाल प्याद्याने सहा खेळ्यांत मात.

"पहिल्याच खेळीत शह?" चिटणीस म्हणाले. "अहो, ठाण्याहून नाणावलेले खेळाडू येतात मंडपात. काय म्हणतील?"

"म्हणतील, राजाची उडी घालवली."

"हसतील."

"हसू देत."

माझा आवाज चढला नव्हता. तो मला चढवता येतच नाही. पण मी त्या दिवशी हसलो नाही, एवढे सर्वांच्या लक्षात आले असावे. वकिलांनी काही विनोद केला नाही.

चिटणीसांनी मान हलवली. "नाही लावता येणार. हत्तीचं ठेवायचं असेल तर सांगा."

"हत्तीचे माझ्या नावाने लावू नका," मी म्हणालो, आणि सोंगट्या गोळा केल्या.

चतुर्थीच्या दिवशी मंडपात चिटणीसांचे कोडे लागले. माझे मी आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर लावले. खडूने पट आखून त्यावर कागदाच्या सोंगट्या खळीने चिकटवल्या. चाळमालक इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. भाडे न्यायला आले ते भिंतीपाशीच अडकले.

"हत्ती हाय ना समोर, मंग प्याद्याची वाट कनाला बघतंस?"

"प्याद्यानेच करायची आहे, दादा."

"आसां हाय व्हय!" ते खाली बसले आणि भाडे विसरले. भिंत खराब केल्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

शेजारपाजारचे आले, मंडपातून वाट वाकडी करून काही खेळणारे आले. कुणी हत्तीने मात करून दाखवली आणि अट वाचून ओशाळले. पहिल्याच शहाला हसणारेही भेटले. मी प्रत्येकाला विचारी, "मग उडीचे काय कराल?" उत्तर सापडेपर्यंत त्यांचे हसू गेलेले असे.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी चिटणीस जिना चढून आले. चपला काढून भिंतीसमोर उभे राहिले. ते कोडे मोडायला आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिले होते. कोडे पुन्हा मोडले असते, तर मी आठवडाभर धरलेला ताठा कुठे लपवणार होतो?

"शहाला राजा हललाच नाही, उंट मध्ये घातला, तर?"

"तर तो उंट पुढे प्याद्याला अडवायला उरत नाही."

ते बराच वेळ बोटाने हवेत खेळ्या करत राहिले. पत्नीने चहा आणून ठेवला, तो निवला.

"उभं आहे," शेवटी ते म्हणाले.

"उभे आहे."

"उद्याचा दिवस आहे अजून. मंडपात हलवू या? मी स्वतः मांडतो. शहासकट."

आठवडाभर मला हेच तर हवे होते. होकार जिभेवर आलाही होता. माझ्या जागी नेहमीचा मी असतो, तर आभार मानून त्यांच्यामागोमाग जिना उतरलो असतो.

"नको," मी म्हणालो. "ते इथेच राहील. ज्यांना सोडवायचे असेल त्यांना जिना दाखवा."

चिटणीसांनी माझ्याकडे पाहिले, गार झालेला चहा एका घोटात संपवला, आणि खाली जाऊन मंडपातल्या लोकांना वर पाठवायला सुरुवात केली.