मिस्त्रीच्या घरचं एकच गाणं

जुने सहकारी भेटले की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला चार आठवतात, आणि चहा तसाच गार होतो. आलापल्लीजवळच्या आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर, मी कारकून होतो, ती पन्नासच्या दशकातली वर्षं. तिथलं सगळं सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. म्हणून आज फक्त डेव्हिड मिस्त्रीच्या घरचे नाताळ सांगतो.

मिस्त्री मूळचा सिरोंच्याचा. मशीनचं इंजिन त्याच्या ताब्यात. वस्तीत ख्रिस्ती घर त्याचं एकच, त्यामुळे नाताळचे पाहुणे म्हणजे आम्ही तिघं: मी, लाकडं मोजणारा बोरकुटेबाबू आणि करवतींना धार लावणारा उस्मानभाई.

*

पहिल्या वर्षी त्यानं बोलावलं ते गाण्याच्या कार्यक्रमाला! आम्ही केस विंचरून गेलो. टेबलावर चावीचा ग्रामोफोन आणि शेजारी तीन रेकॉर्डी. मिस्त्रीच्या बायकोनं, मरियाबाईनं, गुळाचे अरिसे तळून ठेवले होते.

पहिली रेकॉर्ड लागली. येशूजन्माचं इंग्रजी गाणं, पोरांच्या आवाजात. शब्द कळले नाहीत, पण चाल मोठी गोड. आम्ही माना डोलावल्या. दुसरी लागली. तीच चाल, बँडवर! तिसरी एका बाईच्या आवाजात, पुन्हा तेच गाणं! बोरकुटेबाबूनं मला कोपरानं ढोसलं आणि न राहवून मिस्त्रीला विचारलं की दुसरं काही नाही का?

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "हेच अजून पुरतं समजून नाई राह्यलं. दुसरं कुठी घेऊ?"

*

दोन नाताळ जाईपर्यंत आमच्यात तीन पक्ष पडले. मला पोरांची रेकॉर्ड आवडायची, उस्मानभाईला बाईची. बोरकुटेबाबू बँडवर फिदा. डेपोत सागाचे ओंडके मोजताना तो काठीनं तोच ठेका धरायचा आणि तोंडानं भोंगे वाजवायचा. हमाल त्या ठेक्यावर झपाझप लाकूड लावू लागले.

मालक एकदा हे बघून खूश झाला. भजन कोणतं म्हणून त्यानं विचारलं. बोरकुटेबाबूनं सांगितलं, देवाच्या जन्माचं. मालक म्हणाला, छान, मग गोकुळाष्टमीला हेच म्हणा.

आम्ही म्हटलं! दहीहंडी त्या चालीवर फुटली. मिस्त्री बाजूला उभा राहून डोळे पुसत होता, हसून की कशानं ते देव जाणे.

*

मशीनचा पट्टा तुटला तेव्हा नवीन आणायला उस्मानभाईला नागपूरला धाडलं. मिस्त्रीनं हळूच सांगितलं की त्याच गाण्याची आणखी कोणाची रेकॉर्ड मिळाली तर घेऊन ये. गाण्याचं इंग्रजी नाव उस्मानभाईच्या लक्षात राहीना. त्यानं दुकानात उभं राहून ते गुणगुणून दाखवलं. दुकानदाराला कळेना, म्हणून मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. रस्त्यावरची माणसं आत आली, आणि शेवटी मिशनच्या शाळेतल्या एका सिस्टरबाईंनी ओळखून दिलं.

उस्मानभाई रेकॉर्ड छातीशी धरून परतला. पट्टा आणायचा राहून गेला! मालक तांबडालाल. उस्मानभाई म्हणाला, "पट्टा पुढच्या खेपेले येते, शेठ. रेकॉर्ड कोणी उचलली असती तं?"

*

एका वर्षी ग्रामोफोनच्या सुया संपल्या. जंगलात सुया कुठल्या? मिस्त्रीनं बांबूची काडी तासून बसवली. गाणं लागलं, पण गोधडीखालून आल्यासारखं. आम्हाला उलट ते जास्त गोड वाटलं. मिस्त्री मात्र भोंग्याच्या आत डोकं घालून बसला. मग त्यानं विचारलं, "लागलं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मरियाबाई आत निघून गेली.

इंजिनाशेजारी इतकी वर्षं काढली, त्यात मिस्त्रीचे कान चालले होते. घरी तिलाच ठाऊक होतं. त्या दिवशी मिस्त्रीनं आम्हालाही सांगितलं. लहानपणी सिरोंच्याला त्याची आई हे गाणं म्हणायची आणि तिचा आवाज त्याला आता आठवत नव्हता. कान पुरते बंद व्हायच्या आत या रेकॉर्डींतली एक डोक्यात पक्की बसवायची, म्हणजे पुढं जन्मभर तीच ऐकता येईल, एवढंच त्याला हवं होतं. पण कोणती, हे ठरत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आम्ही इतकी वर्षं आपापल्या पसंतीवरून भांडत होतो आणि त्याची कोणती, हे कोणीच विचारलं नव्हतं.

*

पुढच्या नाताळापर्यंत त्याला ऐकू येणं थांबलं. नाताळच्याच दुपारी चावी फिरवताना ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली. मिस्त्रीला आवाज कळला नाही. तबकडी फिरेना, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि खाली बसला. मरियाबाई म्हणाली, "कोणती ठेवाची, अजून त्याइचं ठरलं नाई."

मग बोरकुटेबाबू उठला, मिस्त्रीसमोर उभा राहिला आणि गाल फुगवून बँड वाजवू लागला. त्याचं झाल्यावर मी पोरांचं म्हटलं, माझ्या या फाटक्या आवाजात. मिस्त्री आमची तोंडं बघत होता. एकदम त्यानं हात पुढं केला आणि माझ्या छातीवर तळवा ठेवला. इंजिनाचं कुठं खटकतंय ते तो असंच हात ठेवून ओळखायचा. थोड्या वेळानं त्यानं हात काढून घेतला.

उस्मानभाईचं गाणं बाईचं. त्याचा घसा लाकडाच्या भुशानं कायमचा बसलेला. त्यानं डोळे मिटून सुरू केलं. मिस्त्रीनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला, तो काढलाच नाही. गाणं संपलं, तर खूण करून पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणताना उस्मानभाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबला नाही.

मिस्त्री बायकोकडे वळला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "ही रेकॉर्ड लई घासली हाय. पण मी हीच ठेवतो."