नेट हाय पन न्हाय

“मॅडम, नेट हाय पन न्हाय!” दिवेआगरचे आमचे केबल ऑपरेटर दिलीपकाका फोनवर ओरडत होते. “लाईट हिरवा हाय, पेज उघडत न्हाय. पोरीचा नर्सिंगचा फॉर्म पाचला बंद व्हतोय.”

साडेतीन वाजले होते. अलिबागच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी सर्व्हर बघते. फोनवर बोलणं मला जड जातं. “बघते” एवढंच म्हणाले.

आमच्या मॅनेजर सरांनी सवयीने निदान केलं. “वाडीत केबलवर झावळी पडली असेल. लाइनमन पाठव.”

मला ते ‘हाय पन न्हाय’ सोडेना. केबल तुटली की काहीच ‘हाय’ नसतं. मी पिंग केलं, म्हणजे पलीकडच्या मशीनला हाक मारून पाहिली. नंबराने हाक मारली की ओ येत होती, नावाने मारली की नाही. म्हणजे बिघाड आमच्याच डीएनएस सर्व्हरमध्ये. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, तिचा नंबर हा सर्व्हर शोधून देतो. तो पडला की रस्ता शाबूत, पत्ता सांगणारा गायब.

रिस्टार्ट केला. चार मिनिटांत पुन्हा पडला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, दर वेळी शेवटी तेच. कुणीतरी मुद्दाम वेडावाकडा बनवलेला एक प्रश्न पाठवत होतं आणि तो वाचताना सॉफ्टवेअर बंद पडत होतं. चोरी नाही, नुसती सेवा बंद पाडायची. ही त्रुटी मला माहीत होती. दुरुस्त व्हर्जन येऊन तीन आठवडे झाले होते.

“सर, अपग्रेड करावं लागेल. आत्ता.”

“चालू सर्व्हरला हात लावायचा?”

“सर, तो चालू नाहीये.”

ऑफिसात इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले असेन. सरांनी लाइनमनला परत बोलावलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

चार पस्तीसला सर्व्हर उभा राहिला. तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी सर्व्हर पडला नाही. दहा मिनिटांनी काकांचा फोन. “गेला फॉर्म! आता नुसतं हाय!”

“हे आधी का नाही सांगितलंस?” सरांनी विचारलं.

मी तीन आठवड्यांपूर्वी त्यांनाच पाठवलेला माझा मेल उघडला. शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत शेवटी लिहिलं होतं, ‘काइंडली अपग्रेड ॲट युअर कन्व्हीनियन्स.’

सर हसले. “मग बरोबर आहे. कन्व्हीनियन्स आज मिळाला.”

हल्ली अशा मेलचा विषय मी मराठीत लिहिते: ‘सर, आज करा.’ आणि मग उठून केबिनमध्ये जाऊन तेच पुन्हा सांगते.