विचुंब्यात उभं राहायला शिकले

कुसुम, हिंगोलीच्या माझ्या घराला तू शेजारधर्मानं कुलूप लावलंस तेव्हा माझा दंड नितीनच्या हातात होता. पायरीपासून गाडीपर्यंतची दहा पावलं मला एकटीला टाकवत नव्हती. ज्यांच्या पोरांना मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि माझा मुलगा मला उचलल्यासारखं गाडीत बसवत होता. तू खिडकीतून डबा दिलास नि म्हणालीस, "सांभाळून गं माय." मला रडू आलं ते घर सुटलं म्हणून की लाज वाटली म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

आमचे हे गेल्यावर वर्षभरात भोवळ येऊन मी दोनदा पडले, ते तुला माहीतच आहे. कानाचा दोष होता, तो औषधांनी गेला. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, आता उरली आहे ती नुसती भीती. पण तिच्यावर गोळी नव्हती. पनवेलजवळ विचुंब्याला नितीनच्या फ्लॅटमध्ये मी सोफा, टेबल, भिंत धरत चालायचे. नितीन आणि सून स्वाती ऑफिसला गेले की दिवसभर सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत बसून राहायचे.

तिथूनच मला ती माणसं दिसली. सकाळी सहाला सोसायटीच्या बागेत पाच-सहा जण मोठा रांजण कवेत घेतल्यासारखे हात करून उभे. हलणं नाही, बोलणं नाही. स्वाती म्हणाली, "आई, ते दाऊदभाईंचं चिगाँग, अंगातली शक्ती जागवायचा चिनी व्यायाम. नुसतं उभं राहायचं असतं. उद्या जाऊ या?"

दाऊदभाई पनवेलचेच. जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. चीनच्या एका बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं, तेव्हा गोदीतल्या म्हाताऱ्या सुताराकडून ते हे शिकले. आज सत्तरी ओलांडली तरी त्यांचं उभं राहणं बघत राहावं असं आहे. एक पैसा घेत नाहीत. माझ्यामागे त्यांनी पहिल्या दिवशी खुर्ची आणून ठेवली. "बाई, तोल गेला तर खुर्ची हाय. बिनधास्त ऱ्हावा."

पाय खांद्यांइतके फाकवायचे, गुडघे किंचित सैल, श्वास बेंबीखाली. दोन मिनिटांत माझ्या मांड्या लटलटायला लागल्या. शेजारचे निवृत्त बँकवाले कुलकर्णी रोज सांगायचे, "आज तळहातात करंट आला!" मला मेलीला फक्त रग लागायची. महिन्याभरानं मी विचारलं, "दाऊदभाई, ती आतली शक्ती मला कधी कळणार?"

"करंटबिरंट सोडा. रग कुठं लागते?"

"खांद्यात. जबड्यातपण."

"मग ताकद तिथंच कोंडलीय. ती कुठनं आणायची नाय, सोडायची. सब्र करा."

ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. ते शिरलं सोमीबाईमुळे. डोंगराकडच्या वाडीवरून ती डोक्यावर रानभाजीची पाटी घेऊन येते. एकदा बागेच्या कठड्यापाशी थांबून ती आमच्याकडे बघून हसायला लागली. "उबं ऱ्हायाची शिकवणी? आगो बाय!" चांगली पाच मिनिटं बोलत होती, पण पाटी डोक्यावरून उतरवली नाही. दाऊदभाई आम्हाला हळूच म्हणाले, "तिचे गुडघे बघा. खांदे बघा." मग तिलाच विचारलं, "ताई, एवढा भार घेऊन मान दुखत नाय?"

"आंग आवळलं का दुखते. आवळायचं नाय. पोट सैल सोडायचं, भार पायांत जाऊ द्यायचा."

दाऊदभाईंनी तिला सलाम केला. "माझ्या उस्तादांनी हेच सांगितलं होतं. उद्या येऊन आम्हाला शिकवा."

"मना येळ नाय. भाजी सुकंल," म्हणत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी काहीच शोधलं नाही. जबडा सोडला, खांदे सोडले, पोट सोडलं. वजन मांड्यांतून तळपायांत उतरत गेलं, आणि खालून जमिनीनं मला उचलून धरल्यासारखं वाटलं. तळहात ऊबदार झाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय स्थिर होते. मागं खुर्ची आहे हे मी विसरूनच गेले होते.

म्हणून तुझ्या नातीच्या बारशाला मी एसटीनं एकटी आले. पाळण्यापाशी तू बाळ माझ्या हातात दिलंस, आणि बायकांच्या गर्दीत, उकाड्यात, समोरची भिंत सरकली. तुला कळलं नाही. बाळाला घट्ट आवळावंसं वाटलं, तीच भीती. मी गुडघे सैल केले, श्वास खाली सोडला, भार पायांत जाऊ दिला. भिंत हळूहळू जागेवर आली. बाळ झोपलेलंच होतं. नाव ठेवून होईपर्यंत ते माझ्याच हातात होतं.

संध्याकाळी तू म्हणालीस, "आता आलीस तर राहा की आठ दिवस. तुझं घर उघडून झाडून देते."

मी म्हटलं, "नको गं, परवा सकाळी सहाला बागेत उभं राहायचंय. उद्या घरी जाते."

‘घरी’ असं बोलून गेले. तुझा चेहरा उतरला, तो मी पाहिला. हिंगोली माझी नाही असं नाही, कुसुम. पण ज्या मातीवर माझे पाय पुन्हा माझे झाले, तिला मी न ठरवता घर म्हणाले. एकदा ये इकडं. तुझेही खांदे फार वर चढलेत.