हिलाल सरांनी माफ केलं नाही

हिलाल सर रोज सकाळी मस्टरवर सही करण्याआधी स्वतःच्याच फोटोला शिवी द्यायचे. धुळ्याच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात, हेडमास्तरांच्या खुर्चीमागे तो फोटो होता. नव्या इमारतीची कोनशिला, हार घातलेले परदेशी पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, आणि कडेला माइकसमोर छान दात दाखवून हसणारे हिलाल सर. सर त्याच्यासमोर उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, "काय रे हरामखोर, आजून हासस का?" मग खिशातलं पेन काढून शांतपणे सही करायचे. नवीन आलेल्या शिक्षकांना वाटायचं, माणूस विनोदी दिसतो. जुने खाली बघायचे. मी जुन्यांतली होते.

सर इंग्रजी शिकवायचे. उंच, काळेसावळे, शर्टाच्या बाह्या नेहमी मनगटापर्यंत बंद. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकासारखं नीटनेटकं असायचं आणि मी त्यांच्यासाठी 'चौधरी बाई' असायचे. पण राग आला किंवा माया दाटली की ते सरळ अहिराणीवर यायचे, मग मी 'ताई' व्हायचे आणि 'तुम्ही'ची 'तू' व्हायचे. मी मूळची सावद्याची. आमची बोली वेगळी, त्यांची वेगळी, पण त्यांचं अहिराणी मला पहिल्या महिन्यातच कळायला लागलं. रागातलं बोलणं लवकर कळतं.

त्या फोटोची गोष्ट सांगायलाच हवी, आणि त्यात माझा वाटा आहे तोही. सरांची मुलगी शालू नऊ वर्षांची होती. काविळीने गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सर राख सावडून घरी आले आणि त्याच दिवशी दुपारी कोनशिलेचा समारंभ होता. प्रयोगशाळेला मदत देणारे परदेशी पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासमोर धड इंग्रजी बोलू शकेल असा माणूस अख्ख्या संस्थेत एकच. भाऊसाहेबांनी मला जीपमध्ये बसवून सरांच्या घरी पाठवलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नोकरीला चार महिने झालेली. ओसरीवर बायका बसल्या होत्या. मी त्यांच्यामधून वाट काढत आत गेले आणि म्हणाले, "सर, भाऊसाहेबांनी बोलावलंय." सर उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्यामागे जीपमध्ये येऊन बसले. त्यांची नोकरीत कायम होण्याची कागदं भाऊसाहेबांच्या सहीसाठी थांबलेली होती. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

मांडवामागे सरांचे डोळे भरून आले तेव्हा भाऊसाहेब जवळ आले. मी दोन हातांवर उभी होते. भाऊसाहेब अगदी सहज आवाजात म्हणाले, "हिलाल, रडणं घरी. इथं पाहुणे आलेत. दात दिसले पाहिजेत." सर माइकसमोर गेले, इंग्रजीत स्वागताचं भाषण केलं, दोन विनोदही केले. पाहुणे हसले. सरही हसले, आणि नेमक्या त्याच क्षणी फोटोग्राफरने बटण दाबलं.

तो फोटो पेपरात छापून आला. शेजारच्या कुणीतरी मोठ्या हौसेने तो पेपर सरांच्या बायकोला नेऊन दाखवला. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. अक्कांनी सरांना एकच विचारलं, "तुमी हासनात?" सरांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर सात वर्षं अक्कांनी त्यांना वेळेवर ताट वाढलं, कपडे धुतले, आल्यागेल्याचं केलं, पण त्यांच्याजवळ बसून दोन शब्द बोलल्या नाहीत. घरात मुलीचं नाव निघायचं नाही. आणि सरांना रडू यायचं नाही. त्यांचे वडील गेले तेव्हाही आलं नाही. मला ते एकदा म्हणाले होते, "बाई, मला दुसरं काही नको. ज्या माणसाने हे केलं त्याचं नाव माझ्या बायकोला चारचौघांत ऐकू आलं पाहिजे." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना घरी. तासाची घंटा झाली आणि ते उठून गेले.

सरांना सिनेमाचं वेड होतं. नट-नट्यांचं नव्हे, सिनेमा कसा केलाय त्याचं. जळगावात काही हौशी लोकांचं चित्रपट मंडळ होतं. रविवारी तिथे बाहेरदेशीचे सिनेमे दाखवायचे आणि सर एस.टी.ने तेवढ्यासाठी जायचे. मला प्रोजेक्टर चालवायला शिकायचं होतं, म्हणून कधीकधी मीही. अशाच एका रविवारी आम्ही तो सिनेमा पाहिला. युरोपातला कुठला तरी, काळा-पांढरा, खाली इंग्रजी अक्षरं. पुढच्या काळातलं एक शहर आहे. तिथे माणसाला दुःख, राग, प्रेम, काहीही वाटायला बंदी आहे. प्रत्येक चौकात नाडी बघणारे सरकारी लोक बसलेत. जाता-येता हात पुढे करायचा. नाडी वाढलेली सापडली की माणूस उचलून नेतात, तो परत येतो तेव्हा त्याला कुणी ओळखू येत नाही. नायक हा असाच एक नाडीवाला. सरकारी मिरवणुकीच्या दिवशी त्याच्यासमोर एक बाई येते. घरी तिचं मूल मेलेलं आहे आणि वरचा अधिकारी तिला हसायला सांगतो.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला गाडी चहाला थांबली. सर कप हातात धरून उभे होते, पीत नव्हते. मी म्हटलं, सिनेमा जरा थंडच आहे, कुणाच्या चेहऱ्यावर काही हलतच नाही. सर एकदम उसळले. "ताई, तू कोठे देखी ऱ्हायनी व्हती? तोंडवर काहीच नही. बठ्ठं हातमा शे." सगळं हातात आहे म्हणे. आणि मग गाडीत, एरंडोलच्या शेंगांची टरफलं पायाखाली वाजत असताना, त्यांनी मला तो अख्खा सिनेमा पुन्हा उलगडून दाखवला. दिग्दर्शकाने चेहरे मुद्दाम कोरे ठेवलेत. पण नाडीवाल्याची बोटं पहिल्या प्रसंगात मनगटावर कशी पडतात आणि शेवटी कशी पडतात ते बघ. ती बाई तोंडाने हसते तेव्हा कॅमेरा खाली येतो आणि तिचा हात झग्याची शिवण उसवत असतो, एकेक टाका. संगीत नाही, काही नाही, फक्त टाके तुटल्याचा आवाज. "चेहऱ्यावर बंदी घालता येते बाई, हातावर नाही. एवढी साधी गोष्ट त्याला सुचली, म्हणून तो मोठा." धुळ्याच्या स्टँडवर उतरताना ते म्हणाले, "हाई आपला गावले दखाडनं शे." मी गंमत समजले.

गंमत नव्हती. सरांनी वर्षभरात धुळ्याला आमचं मंडळ काढलं. शाळेचा हॉल, खिडक्यांना घोंगड्या, रविवारी दुपारी तीन वाजता खेळ. शिक्षक, पालक, दुकानदार, बायका एका बाजूला. इंग्रजी अक्षरं वाचणार कोण? म्हणून सर पडद्याशेजारी उभे राहून सगळं अहिराणीतून सांगायचे. राजा असो की चोर, सगळ्यांना आपल्या गावचे आवाज. लोक सिनेमापेक्षा सरांनाच ऐकायला यायचे. एका रशियन म्हातारीला त्यांनी असा काही आवाज दिला की बायकांच्या बाजूने "हाई ते मनी सासू शे" असा ओरडा झाला होता. अक्का मात्र कधी आल्या नाहीत.

मंडळाच्या तिसऱ्या वाढदिवसाला सरांनी तो सिनेमा मागवला आणि अध्यक्ष म्हणून भाऊसाहेबांना बोलावलं. हार आणि पहिल्या रांगेतली खुर्ची म्हटलं की भाऊसाहेब कुठेही यायचे. त्या दिवशी बायकांमध्ये अक्काही होत्या. त्यांना कसं आणलं, मी सरांना विचारलं. म्हणाले, "शालूच्या नावाने बोलावलं." सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घरात ते नाव घेतलं होतं.

सर नेहमीसारखे सांगत होते. नाडीवाला, चौक, शहर, लोक गुंगून ऐकत होते. मिरवणूक आली. ती बाई आली. अधिकारी तिच्याजवळ जाऊन बोलायला लागला आणि सर थांबले. अहिराणी थांबली. पडद्यावरच्या अधिकाऱ्याचे ओठ हलत होते आणि सरांच्या तोंडून भाऊसाहेबांचा आवाज आला, तोच सहजपणा, तीच खुर्चीतली मराठी. "हिलाल, रडणं घरी. इथं पाहुणे आलेत. दात दिसले पाहिजेत."

हॉलमध्ये प्रोजेक्टरचा आवाज तेवढा राहिला. मग पडद्यावर शिवण उसवायला लागली. सर पुन्हा अहिराणीवर आले आणि त्याच लयीत पुढचं सांगायला लागले, जणू काही घडलंच नाही. भाऊसाहेबांना उठता येईना. उठले असते तर कबूलच केलं असतं. बसून राहिले, समोर बघत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. आमच्याकडे प्रोजेक्टर एकच होता. रीळ संपलं की दिवे लावून दुसरं चढवावं लागायचं. एरवी मी दोन मिनिटांत चढवत असे. त्या दिवशी मी सगळे दिवे लावले आणि रीळ हातात घेऊन उभी राहिले. फिल्म प्रोजेक्टरच्या दातांवर नीट बसत नाही असं दाखवत पंधरा मिनिटं घेतली. अख्खा हॉल एका माणसाकडे बघत होता. मी अजिबात लाजत नाही. आयुष्यात मी जी थोडी चांगली कामं केली त्यांत ती पंधरा मिनिटं मी मोजते.

सिनेमा संपला. भाऊसाहेब अध्यक्षीय भाषण न करताच जीपकडे गेले. अक्का सगळ्या खुर्च्यांमधून चालत पडद्यापर्यंत आल्या. "माले कसाले नही सांगं?" सर म्हणाले, "घाबरी गऊ व्हतू, आशे सांगू का तुले?" अक्कांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघं घोंगड्यांच्या ढिगाशेजारी, जमिनीवरच बसले. सर रडत होते. मी रीळ गुंडाळत होते आणि मान वर करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोटो गायब. सरांनी हेडक्लार्ककडे जाऊन सांगितलं, "तो मना फोटो शे. जठे व्हता तठे लावा." आणि लागेपर्यंत मस्टरवर सही केली नाही. आठवड्याने मंडळ बंद झालं आणि महिन्याने सरांची पारोळ्याच्या शाखेत बदली झाली. अक्का आणि ते तिकडेच राहायला गेले. मी कधीमधी जायचे. दोघं ओसरीवर शेजारी बसलेली दिसायची, शालूबद्दल अगदी साधं बोलायची, तिला भरीत कसं आवडायचं नाही वगैरे.

काही वर्षांनी भाऊसाहेब अंथरुणाला खिळले. मला बोलावून घेतलं. बोलणं धड येत नव्हतं. "हिलालला आण. त्याची माफी मागायची आहे." म्हातारा रडत होता. मी विरघळले, तडक पारोळ्याला गेले आणि सरांना म्हणाले, "सर, चला. त्यांना मोकळं होऊ द्या. तुम्हीही मोकळे व्हा."

सर म्हणाले, "त्यानी तुले धाडं आनि तू उनी. हाई दुसरी खेप शे ताई."

इतकी वर्षं मी त्यांची लाडकी, प्रोजेक्टरवाली, सुडातली भागीदार असं समजत होते. मी विचारलं, "सर, मला तरी माफ केलंत ना?"

"नही. तुलेबी नही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मनावर माया करस तू, माले माहीत शे. मी बी करस. पन माफी येगळी गोष्ट शे. ती मनी शे, मी नही देस." मग आत वळून अक्कांना म्हणाले, ताट वाढ. मी जेवले. भाऊसाहेबांकडे सर गेले नाहीत. महिनाभरात भाऊसाहेब वारले, तेव्हाही गेले नाहीत.

नंतरही मी पारोळ्याला जात राहिले. सर कधी वाकडं बोलले नाहीत, कधी सूटही दिली नाही. सुरुवातीला मी परतताना गाडीत रडायचे. मग लक्षात आलं, माझ्या ओळखीत हा एकच माणूस आहे जो मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही.

सर गेले तेव्हा मी जळगावला मेहरूणमध्ये राहायला आले होते. धुळ्याच्या शाळेत शोकसभा होती, त्याच हॉलमध्ये. भाऊसाहेबांचा मुलगा आता अध्यक्ष. तो वडिलांसारखाच सहज आवाजात बोलला. "सरांचा स्वभाव अत्यंत क्षमाशील. जुन्या गोष्टी त्यांनी कधी मनात ठेवल्या नाहीत. आमच्या वडिलांनाही त्यांनी केव्हाच मोठ्या मनाने माफ केलं होतं." लोक माना डोलवत होते. मेलेल्या माणसाच्या तोंडावर पुन्हा हसू चिकटवण्याचं काम चाललं होतं, आणि मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

मी उठले. माझं नाव वक्त्यांत नव्हतं. "हे खरं नाही," मी म्हणाले. "सरांनी तुमच्या वडिलांना माफ केलं नव्हतं. मलाही केलं नव्हतं. मुलीची राख सावडून आलेल्या माणसाला मी घरातून उठवून आणलं आणि तुमच्या वडिलांनी त्याला हसायला लावलं. सरांनी हे शेवटपर्यंत मनात ठेवलं. कृपा करून ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका."

कुणीतरी मागून "बाई, बसा" म्हणालं. अध्यक्षांनी अक्कांकडे बघितलं, त्या काहीतरी गोड बोलून वेळ निभावून नेतील म्हणून. अक्का पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि बसल्या जागेवरून म्हणाल्या, "खरं सांगस ती. मी बी माफ नही करेल शे."